अभ्यासक्रम मुलांचा, पण दिवस कुणाचा?



गेल्या काही महिन्यांत एकच विषय मला तीन ठिकाणी ऐकू आला. एकदा उपाश्रयात व्याख्यान सुटल्यावर, एकदा एका बारशात आणि एकदा आमच्याच स्वयंपाकघरात. तरुण मुली विचारतात, "काकू, मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवलं तर? आणि शिकवायचं ठरवलं तर अभ्यासक्रम कोणता घ्यायचा?"

कारणं प्रत्येकीची वेगळी आहेत. कुणाच्या मुलाची बस सकाळी पावणेसातला येते, त्यामुळे नवकारशी राहूच दे, पोटात दूधही जात नाही. कुणाचा मुलगा वर्गातल्या पन्नास मुलांमध्ये हरवलाय. कुणाला फी झेपत नाही, तर कुणाला ट्यूशनसकट दोनदा फी भरल्यासारखं वाटतं. काहींना वाटतं, कोरोनाच्या काळात शाळा दीड-दोन वर्षं घरातच होती, तेव्हा आपणच तर बसून शिकवलं, मग आता का नाही? ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी त्यांना हसणार नाही.

पण या बोलण्यात मला एक गोष्ट खटकते. सगळ्या जणी सुरुवात अभ्यासक्रमाच्या नावापासून करतात. हा चांगला की तो, परदेशातला की इथला, किती हजारांचा. माझं मत विचाराल तर अभ्यासक्रमाचं नाव हा पाचवा प्रश्न आहे. त्याआधी चार प्रश्न घराला विचारायचे असतात. मूल पुढे कोणत्या परीक्षेच्या दारातून बाहेर पडणार? शिकवणार कोण आणि रोज किती तास? कोणत्या भाषेत? आणि आपलं मूल शिकतं कसं? या चारांची उत्तरं कागदावर आली की पाचवा प्रश्न फारसा अवघड राहत नाही. ती आली नाहीत तर जगातला उत्तम अभ्यासक्रमसुद्धा माळ्यावर जातो.

आधी कायद्याचं बोलू, कारण सासरे आणि दीर सगळ्यात आधी तेच विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालं पाहिजे असं तो सांगतो आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो. घरी शिकवायला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि घरी शिकवणाऱ्या पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणजे गोष्ट मोकळ्या मैदानासारखी आहे, कुंपण नाही आणि छप्परही नाही. एक आधार मात्र त्यात आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला पुन्हा शाळेत यायचं असेल तर त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश द्यायला हवा, असं कायदा म्हणतो. परतीची वाट बंद होत नाही, हे मनात असू द्या. म्हणूनच शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं आणि आधार कार्ड नीट एका फाइलमध्ये ठेवा. घरशाळा सुरू करायच्या आधी ही फाइल तयार हवी.

आता पहिला प्रश्न, दाराचा. आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका. माल भरण्याआधी तो कुठे खपणार हे आपल्या घरात पाहिलं जातं. मग दहा वर्षांचं शिक्षण भरताना का पाहू नये?

महाराष्ट्रात घरी शिकणाऱ्या मुलासाठी मला तीन दारं ठाऊक आहेत. पहिलं सगळ्यांच्या ओळखीचं, सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी किंवा बारावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून वर फाइलवर इतका जोर दिला. पुस्तकं बालभारतीचीच आणि परीक्षाही इतर मुलांबरोबरच. दुसरं दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं, ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात. ही संस्था १९८९ साली सुरू झाली आणि केंद्र सरकारची आहे. मूल चौदा वर्षांचं झालं की दहावीसाठी नाव घालता येतं. पाच विषय, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक, दोन-दोन विषय सोडवत जाता येतं. दहावीला हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि गुजराती माध्यमही आहे, ही आपल्या भागासाठी मोठी सोय. लहान मुलांसाठी याच संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन टप्पे आहेत. तिसरं दार आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचं. तिथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा परीक्षा आहेत. परीक्षा केंद्र कुठलं मिळेल, प्रात्यक्षिकं कुठे होतील, यंदाच्या अटी काय, हे ज्या त्या मंडळाच्या कार्यालयात स्वतः विचारा. मैत्रिणीच्या मेसेजवर विसंबू नका.

दार का आधी पाहायचं, याचं एक उदाहरण देते. मुंबईची मालविका जोशी हे नाव तुमच्यापैकी काहींनी २०१६ साली वर्तमानपत्रात वाचलं असेल. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही, घरीच शिकली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये भारतासाठी तिने तीन पदकं आणली, दोन रौप्य आणि एक कांस्य. सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. बातमी वाचून आपण सगळ्या "बघा, दहावी-बारावी न करता पोरगी कुठे गेली" असं म्हणून मोकळ्या झालो. पण त्याच बातमीत दुसरी ओळ होती. इतकी हुशार मुलगी आपल्या देशातल्या आयआयटीत जाऊ शकत नव्हती, कारण तिथे बारावीचं प्रमाणपत्र लागतं. चेन्नईच्या गणित संस्थेने तिला शिकायला जागा दिली, तो त्या संस्थेचा मोठेपणा. तीन पदकं मिळवणाऱ्या मुलीला दार शोधावं लागलं. आपली मुलं साधी आहेत. त्यांना सीए व्हायचं असेल, दुकान सांभाळायचं असेल, नर्स व्हायचं असेल. त्यांना दहावी-बारावीचा कागद लागणारच. तेव्हा आठवीच्या आत दार ठरवा आणि अभ्यासक्रम त्या दाराकडे जाणारा घ्या.

मालविकाच्या गोष्टीतली तिसरी ओळ तर कुणालाच आठवत नाही. तिच्या आईने त्यासाठी स्वतःची नोकरी सोडली होती आणि मुलीचा अभ्यासक्रम स्वतः बसून आखला होता. इथून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते.

अभ्यासक्रम निवडला जातो मुलासाठी, पण पेलावा लागतो आईला.

शिक्षण हक्क कायद्यात शाळांसाठी तास ठरवून दिले आहेत. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. मी बी.कॉम. झालेली बाई, आकडा दिसला की भागाकार करते. ८०० भागिले २०० म्हणजे रोजचे चार तास. घरी एकाच मुलाला शिकवताना इतके लागत नाहीत हे मान्य. हजेरी नाही, रांग नाही, चाळीस वह्या तपासणं नाही. समजा दोन-अडीच तासांत भागलं. पण त्यात तयारीचा एक तास धरा. धाकटं मूल असेल तर त्याचा तास-दीड तास धरा. पुन्हा पाच तासांवर आलो की नाही? आता हे पाच तास घरातल्या सुनेच्या दिवसात कुठे बसतात ते सांगा.

आपल्या घरांचा दिवस इतरांसारखा नसतो. सकाळी पाणी उकळून गार करणं, नवकारशीचा नाश्ता, दुकानाचा डबा. दुपारी साधू-साध्वीजी गोचरीला येण्याची वेळ सांभाळायची. चौविहार पाळणाऱ्या घरात हिवाळ्यात सहाच्या आत ताटं झाली पाहिजेत, म्हणजे साडेचारला कणीक भिजलेली हवी. इतर घरांत ज्या वेळी आई मुलाला घेऊन बसते, त्या वेळी आपली सून गॅससमोर असते. पर्युषणाचे आठ दिवस, आयंबिलची ओळी, घरात कुणाची अठ्ठाई असेल तर पारण्यापर्यंत येणारे-जाणारे. दिवाळीआधी आणि होळीच्या बाजारात दुकानातही हात द्यावा लागतो. या दिवसात "तू घरीच असतेस ना, शिकव की" हे वाक्य कुणी सहज टाकतं, तेव्हा मला राग येतो. घरी असणं म्हणजे रिकामं असणं, असा हिशेब कुठल्या वहीत लिहिलाय?

म्हणून माझा आग्रह असा, की अभ्यासक्रमाची माहिती काढण्याआधी एक मोठा कागद घ्या. वर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा. बाजूला सोमवार ते शनिवार. प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायचं, मी या मुलाला कोणत्या वारी, किती वाजता, काय शिकवणार. आजोबांनी लिहायचं, आजीने लिहायचं, वडिलांनी तर लिहायचंच. आईचा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा. पहिल्यांदा तिचा भरला तर बाकीचे कोरे राहतात.

हे आमच्या घरी करून पाहिलं आहे. माझ्या सुनेच्या मनात नातवाला घरी शिकवायचं फार होतं. मुलगा नऊ वर्षांचा, वाचनात मागे, पण हाताने काहीही जोडतो-मोडतो. शाळेत त्याला रोज मान खाली घालावी लागते हे तिला बघवत नव्हतं. मी तिच्या बाजूने होते. आम्ही कागद मांडला. मी सकाळचे दोन तास लिहिले, गणित आणि गोष्टी वाचून दाखवणं. ह्यांनी दुपारचा एक तास लिहिला. माझ्या मुलाने पेन हातात घेतलं आणि बराच वेळ नुसता बसला. शेवटी म्हणाला, "मम्मी, दुकान, सुरतच्या फेऱ्या, मी खोटं काय लिहू?" त्याचा रकाना कोरा राहिला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. नातू आज शाळेतच जातो. माझे दोन तास मात्र मी तसेच ठेवले आहेत, शाळेतून आल्यावर. वाचन थोडं पुढे सरकलं आहे. सून अजून माझ्या मुलावर पूर्ण खूश नाही, आणि तिचं चुकतं असंही मला वाटत नाही. पण तो कोरा रकाना सहा महिन्यांनी, सगळं सुरू झाल्यावर दिसला असता, तर तो तिनेच भरला असता. रात्री अकराला.

घरात शिकवण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. जन्म १८५८ चा. त्यांना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईने, आणि त्या आईला शिकवलं होतं वडिलांनी, लोकांचा विरोध पत्करून. म्हणजे आधी नवऱ्याने बायकोच्या शिक्षणावर वेळ घातला, मग तिने मुलीच्या. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या घरी शिकलेल्या मुलीला 'पंडिता' म्हटलं. दुसरं उदाहरण रमाबाई रानड्यांचं. १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानडे स्वतः शिकवणारे, म्हणजे शिक्षक घरातच आणि तोही केवढा मोठा. तरी घरातल्या इतर बायकांना ते शिकणं पटत नव्हतं आणि त्याचा त्रास रमाबाईंनी किती सोसला ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे. दोन्ही गोष्टींतून मी एकच घेते. घरी शिकायचं तर शिकवणारं एक माणूस पुरत नाही, भोवतीचं घर सोबतीला लागतं. सासूबाई दर तासाला "अगं, जरा इकडे ये" म्हणत असतील तर अभ्यासक्रमाचा काही दोष नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो आपल्या नवापूरला जितका लागू आहे तितका क्वचित कुठे असेल. आपलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. एका बाकावर दोन राज्यं बसतात. आपल्या पुष्कळ घरांतही तसंच आहे. मूल बाशी गुजराती बोलतं, रस्त्यात मराठी, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांची मावची आणि अहिराणी त्याच्या कानावर पडते. शाळा निवडताना आपण इंग्रजी माध्यम म्हणून मोकळ्या होतो, कारण समजावण्याचं काम दुसऱ्याचं असतं. घरशाळेत ते आपलं होतं. अपूर्णांक, बाष्पीभवन, ग्रामपंचायत हे तुम्ही कोणत्या भाषेत न अडखळता समजावू शकता? ती तुमच्या घरशाळेची भाषा. इंग्रजी हा विषय म्हणून जरूर शिकवा, रोज शिकवा. पण विज्ञान समजावताना आईलाच शब्दकोश उघडावा लागत असेल तर मुलाला विज्ञानही येत नाही आणि इंग्रजीही.

माझ्या एका भाचीकडे हेच झालं. सीमेपलीकडच्या एका गावात राहते. तिने परदेशी अभ्यासक्रमाचा मोठा संच मागवला. पुस्तकं देखणी, कागद गुळगुळीत, चित्रं सुंदर. पण प्रत्येक धड्याआधी पालकासाठी आठ-दहा पानांचं इंग्रजी मार्गदर्शन. ती रात्री ते वाचत बसायची. उदाहरणं बर्फाची, डॉलरची आणि इंच-फुटांची. दोन महिन्यांत खोकं बंद झालं. मग तिने बालभारतीची गुजराती माध्यमाची पुस्तकं घेतली, सासऱ्यांनी दुकानाच्या रोजमेळावर बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारी घ्यायला सुरुवात केली, आणि गाडी चालू लागली. संच वाईट नव्हता. तो तिच्या घरासाठी बनलेला नव्हता, इतकंच.

चौथा प्रश्न, मूल कसं शिकतं. याचं उत्तर आईला माहीत असतं, फक्त तिला कुणी विचारत नाही. ऐकून लक्षात ठेवणारं मूल असतं. पाठशाळेत एकदा ऐकलं की सूत्र तोंडपाठ. काहींना हाताला काही लागतं. काहींना सोबत लागते, एकटं बसवलं की कोमेजतात. या तिसऱ्या प्रकारच्या मुलाला घरी शिकवायच्या आधी शंभरदा विचार करा.

आता पाचवा प्रश्न. अभ्यासक्रम तसे चार जातींचे असतात आणि प्रत्येकाला शोभणारं घर वेगळं असतं.

पहिला, तयार संच. पुस्तकं, वेळापत्रक, चाचण्या, सगळं आखलेलं. ज्या घरात वेळ कमी आणि इंग्रजी चांगलं, त्यांना बरा. महाग असतो. घेण्याआधी जाहिरात नको, मधले चार धडे मागून वाचा. अमेरिकेतले कित्येक संच तिथल्या चर्चच्या वळणाने लिहिलेले असतात, त्यात विज्ञानाच्या धड्यातही धर्मोपदेश येतो. त्यांच्या जागी ते ठीक असेल, पण आपल्याला काय विकत घेतोय ते माहीत हवं.

दुसरा, सरकारी पुस्तकांचा. बालभारती १९६७ पासून पुस्तकं काढते आहे. आजही ती सगळ्यात स्वस्त आहेत, आणि तिच्या संकेतस्थळावरून फुकटही उतरवता येतात. एनसीईआरटीचीही तशीच. गुळगुळीत नाहीत, पण परीक्षेच्या दाराकडे सरळ नेतात. ज्या घरात दार राज्य मंडळाचं आहे आणि परतीची वाट उघडी ठेवायची आहे, त्यांनी डोळे मिटून हाच पाया घ्यावा. बाकी हवी ती भर घाला.

तिसरा, हाताने आणि परिसरातून शिकवण्याचा. यासाठी परदेशात बघायला नको. शेजारच्या भावनगरला गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. विकतच्या महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शिंपले, खडे वापरले. आपल्या नवापूरला रंगावली नदी आहे, सागाची झाडं आहेत, आठवडे बाजार आहे, आणि घरात वजनकाटा आहे. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला यापेक्षा जास्त काय हवं? पण यात तयारी शिकवणाऱ्याला करावी लागते. ज्या घरात उत्साही आजोबा-आजी आहेत त्यांना हा फळतो.

चौथा, मुलाच्या ओढीने चालण्याचा. अमेरिकेत जॉन होल्टने १९७०च्या दशकात हा विचार मांडला आणि पसरवला. मुलाला ज्यात रस, त्यातूनच सगळं शिकवायचं. मालविकाचं शिक्षण बरंचसं या वाटेने गेलं. फळ मोठं येतं, पण मोठ्यांना धीर लागतो. तीन महिने मूल फक्त किडे बघत असेल तर आजोबा गप्प राहू शकतील का? नसतील राहू शकत, तर हा तुमच्या घरचा नाही.

धर्माबद्दल एक शब्द, कारण पुष्कळ जणी त्याच कारणाने विचारतात. मुलाचे संस्कार टिकावेत, चौविहार व्हावा, बाहेरचं कंदमुळाचं खाणं टळावं. इच्छा चांगली आहे. पण त्यासाठी शाळा सोडणं हा मला महागडा उपाय वाटतो. पाठशाळा आहे, घरची सामायिक आहे, आणि ४८ मिनिटांची सामायिक शाळेच्या मुलालाही करता येते. डबा आपल्याच हातात आहे. मूल वर्गातल्या वेगळ्या घरच्या मुलांशेजारी बसून, त्यांच्याशी मैत्री ठेवून आपला नियम पाळायला शिकतं, तेव्हा तो नियम त्याचा होतो. अनेकांतवाद आपण पाठशाळेत शिकवतो, पण दुसरी बाजू असलेलं माणूसच मुलाला भेटलं नाही तर तो कळणार कसा? घरी शिकवलंत तरी खेळाच्या मैदानावर, वाचनालयात, गल्लीत रोज इतर मुलं भेटतील अशी सोय करा. ती सोयही वेळापत्रकात लिहा, "होईल आपोआप" म्हणून सोडू नका.

शेवटी, ठरवण्याआधी तालीम करा. उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची मिळते. पहिला आठवडा मुलाला मोकळं सोडा. मग चार आठवडे, निवडलेल्या अभ्यासक्रमाचे फक्त तीन-चार धडे, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या माणसाने शिकवायचे. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या. डाव्या बाजूला काय शिकवायचं ठरलं होतं, उजव्या बाजूला काय झालं आणि कुणी केलं. सहाव्या आठवड्यात सगळ्यांनी बसून ती वही वाचा. कुणाची पाळी कुणी भरून काढली ते तिथे दिसेल. पैसे भरायचे ते त्यानंतर, आणि तेही एका वर्षाचे, तीन वर्षांचे एकदम नाही. दर वर्षी दिवाळीच्या चोपडापूजनाला आपण जुनी वही बंद करून नवी उघडतो ना, तसंच या वहीचंही करा. जमलं नसेल तर अभ्यासक्रम बदलायला किंवा मुलाला परत शाळेत घालायला लाजू नका.

आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींना वेगळं सांगते. सुनेने हा विषय काढला तर लगेच "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" म्हणू नका. "तू बघ बाई तुझं" असंही म्हणू नका. आपण शिकलेल्या आहोत, आपल्याला पाढे येतात, गोष्टी येतात, दुकानाचा हिशेब येतो. कागद पुढे आला की आपल्या रकान्यात खरे तास लिहा, आणि मुलाला म्हणजे तुमच्या लेकाला हाक मारून पेन त्याच्या हातात द्या.

जय जिनेंद्र.